टंचाईत पहिला हक्क चुलीचा

नदीत मासे कमी झाले तर आधी कोणी थांबायचं? विक्रीसाठी जाळी टाकणाऱ्याने, हौसेने गळ टाकायला आलेल्या पाहुण्याने, की हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या घराने? ‘चूल आणि निसर्ग’ या विषयावरचा यंदाचा दिवाळी अंक सिद्ध करताना या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर आम्हाला अलास्कात सापडलं.

अमेरिकेच्या १९८०च्या कायद्याने अलास्कातल्या केंद्राच्या जमिनींवर ग्रामीण रहिवाशांच्या पोटापुरत्या शिकारीला आणि मासेमारीला व्यापार व हौस यांच्या आधी स्थान दिलं. मग तो रहिवासी आदिवासी असो वा नसो. १९८९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असं ग्रामीण प्राधान्य अलास्काच्या स्वतःच्या घटनेत बसत नाही, असा निकाल दिला. तेव्हा १९९०पासून केंद्राने आपल्या जमिनींवरचा हा कारभार राज्याकडून स्वतःच्या हाती घेतला. नद्यांचा प्रश्न मात्र उरला. राज्याने १९६४मध्ये बंद केलेल्या आपल्या पारंपरिक मासेमारीच्या जागेसाठी केटी जॉन ही आहतना या आदिवासी समाजाची वृद्धा न्यायालयात गेली. तिच्या लढ्यामुळे केंद्राचा पाणीहक्क असलेल्या नद्यांनाही हे प्राधान्य लागू होतं, असा निकाल १९९५मध्ये लागला.

या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या तिथल्या १० प्रादेशिक सल्लागार परिषदा. शिकार-मासेमारीबाबतची त्यांची शिफारस हा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय मंडळाला सहज बाजूला सारता येत नाही. पुरेसा पुरावा नाही, संवर्धनाला बाधा येते किंवा लोकांच्याच गरजांना धक्का बसतो, यांपैकी एक कारण दाखवावं लागतं. स्थानिकांचं म्हणणं नुसतं ऐकून घेणं वेगळं आणि त्याला उत्तर द्यायला बांधील असणं वेगळं.

तरीही कायद्याने नदीत मासे येत नाहीत. युकॉन नदीतला चिनूक सॅमन इतका घटला, की २०२४मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याची मासेमारी सात वर्षं थांबवण्याचा करार केला. काठावरची घरंही थांबली. बेरिंग समुद्रात मात्र पोलॉक मासा धरणाऱ्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत सॅमन अजून सापडतो. त्यावर मर्यादा आहे, बंदी नाही. पहिला हक्क ज्याचा, त्यानेच आधी उपाशी राहावं, हा न्याय नव्हे.

आपल्या २००६च्या वनहक्क कायद्याने शिकार वगळली, पण पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मानला. तलावाचा ठेका देण्याआधी काठावरच्या ताटांचा हिशेब व्हावा, ग्रामसभेचं म्हणणं नाकारलं तर तिला त्याचं लेखी कारण मिळावं, एवढं आपणही मागायला हवं. त्या मागणीला या अंकातून बळ मिळावं.

 

— संपादक