देवमाशाला शंभर यार्ड, रोहितला शून्य

"जरा उडव की रे त्यांना!"

हे वाक्य ज्यांनी ज्यांनी भिगवणच्या पाण्यावर, बोटीत बसून उच्चारलं आहे, त्या सगळ्यांसाठी आजचं लिखाण आहे. राग आला तर येऊ दे. त्यात आमचे बरेच नातेवाईक आहेत आणि ते हे वाचतात हेही मला माहीत आहे. :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव निमगाव केतकी, इंदापूर-बारामती रस्त्यावरचं, पानमळ्यांसाठी आणि पानाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. तिथून तासाभराच्या अंतरावर उजनीचं बॅकवॉटर आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि ११७ टीएमसीचा हा पसारा इंदापूर तालुक्याची आख्खी उत्तर कड व्यापून भिगवणच्याही वर जातो. हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं की काठाला चिखलाची उथळ जमीन उघडी पडते आणि तिथे रोहित उतरतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. डिकसळ, कुंभारगाव इथून होड्या मिळतात. पूर्वी फक्त मासेमारीवर असलेली घरं आता सीझनला पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. इथवर सगळं छान आहे.

गडबड पुढे होते. उभा असलेला रोहित लांबून पांढरट, फार तर फिकट गुलाबी दिसतो. खरा रंग पंखांत असतो, आणि पंख उघडल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. आता पुण्याहून पहाटे चारला उठून, एवढा भारी कॅमेरा गळ्यात अडकवून आलेल्या माणसाला फिकट गुलाबी पक्षी कसा चालेल? त्याला आग पाहिजे. मग बोटवाल्याला इशारा होतो, इंजिनाचा आवाज वाढतो, बोट थेट थव्यात घुसते आणि शे-दोनशे पक्षी पाण्यावरून धावत धावत उठतात. बोटीत टाळ्या. फोटो रात्रीपर्यंत फॅमिली ग्रुपवर. खाली लिहिलेलं असतं, "निसर्गाचा चमत्कार". अहो, चमत्कार कसला? तुम्ही त्याला ताटावरून उठवलंत!

ताटावरून हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. रोहित चोच उलटी पाण्यात घालतो. जिभेने पंपासारखं पाणी आत ओढतो, चोचीच्या कडांना असलेल्या बारीक कंगव्यातून ते गाळतो आणि उरलेला सूक्ष्म खाऊ गिळतो. असं चमचा-चमचा जेवण. पोट भरायला दिवसाचे तासच्या तास लागतात. शिवाय हा जड पक्षी जागच्या जागी उडू शकत नाही, पाण्यावर बरीच पावलं धावून मगच हवेत जातो. म्हणजे एकदा उठवलं की जेवण बुडतं आणि वर व्यायाम होतो. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दहा बोटी आल्या आणि प्रत्येकीने एकदाच उठवलं तरी हिशोब करा.

पट्टकादंबाची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी आहे. मंगोलिया-तिबेटकडचा हा हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. इथे येतो तो खायला, विसाव्याला आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायला. त्याला आपण काय देतो? रील!

आता अलास्का.

आमच्या मावसभावाचं कुटुंब सिअ‍ॅटलला असतं. पुढच्या उन्हाळ्यात ग्लेशियर बेला जायचं त्यांचं ठरतंय. हिमनद्या जिथे समुद्राला मिळतात तिथे कयाक वल्हवायची, देवमासे, सील, अस्वलं बघायची, किनाऱ्यावर तंबू ठोकायचा. इथून आणखी चार जण जोडले जाणार आहेत. प्लॅनिंग इतकं सुरेख की बघत राहावं. एक्सेल शीट, त्यात भरती-ओहोटीचा वेगळा कॉलम. पाणी बर्फाळ म्हणून ड्रायसूट. अस्वलाला उघडता येणार नाहीत असे खाऊचे डबे. कयाक घेऊन मुक्कामाला निघण्याआधी पार्कवाले माहितीचा वर्ग घेतात, त्यालाही सगळे आनंदाने बसणार.

आणि अंतराचे नियम तर तोंडपाठ! अलास्काच्या समुद्रात कुबड्या देवमाशाच्या शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत जायचं नाही. त्याच्या वाटेत आडवं थांबून तो आपणहून जवळ येईल अशी युक्तीही करायची नाही. बर्फावरच्या सीलना पिल्लं होतात म्हणून जॉन्स हॉपकिन्स नावाची खाडी १ मे ते ३० जून बोटींना बंद. जून ते ऑगस्टमध्ये खाजगी मोटरबोटी दिवसाला फक्त २५. हे सगळं वहिनींनी मला फोनवर इतक्या कौतुकाने सांगितलं की बस्स. "काय शिस्त आहे बघा तिथे!"

गंमत म्हणजे कयाक ही मुळात शिकारी होडी. उत्तरेकडच्या लोकांनी ती घडवली ती सीलच्या जवळ आवाज न करता जाता यावं म्हणून. जवळ जाण्यासाठीच जन्मलेल्या त्या होडीत बसून आमची मंडळी शंभर यार्डांवर थांबणार, आणि थांबल्याचा त्यांना अभिमान वाटणार. वाटायलाच हवा. माझा प्रश्न एवढाच आहे की हीच मंडळी डिसेंबरात गावी आली की भिगवणच्या बोटीत बसल्या बसल्या हा अभिमान कुठे जातो?

दादा, वहिनी, तुमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावच्या पाण्यात तुम्ही पाहुण्यासारखे का वागत नाही? आणि परक्या पाण्यात इतके सज्जन कसे होता?

ह्यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, "तिथे दंड होतो, इथे कोण विचारतं?" बरं. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. म्हणजे कागदावर आपण मागे नव्हतो. उजनी हा मुळात सिंचनासाठी बांधलेला जलाशय आहे, तिथे प्रत्येक बोटीमागे रेंजर नसतो, हेही खरं. पण मग सरळ म्हणा ना, की आम्ही देवमाशाला मान देत नाही, दंडाच्या पावतीला देतो. निसर्गप्रेम वगैरे शब्द तेवढे मध्ये आणू नका.

दुसरं, "बोटवालेच घेऊन जातात जवळ." का घेऊन जातात? कारण लांबून दाखवलं की तुम्ही तोंड वाकडं करता आणि जवळ नेलं की शंभराची नोट जास्त देता. पाण्यावर जन्म गेलेल्या माणसाला थवा कुठल्या अंतरावर बिचकतो हे पुस्तक न वाचता कळतं. मी स्वतः बोटवाल्यांना "नको साहेब, बसूद्या त्यांना" म्हणताना ऐकलं आहे, आणि साहेबांना "अरे, पैसे दिलेत ना" म्हणतानाही ऐकलं आहे. ज्याचं सीझनचं पोट तुमच्यावर आहे त्याच्यावर नियम पाळण्याची जबाबदारी ढकलणं हा शुद्ध कांगावा आहे. पक्षी यायचे थांबले तर तुम्ही दुसरीकडे जाल. तो कुठे जाईल?

तिसरं उत्तर सगळ्यात वाईट. "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो." हे म्हणणारा माणूस स्वतःला 'आपल्या लोकां'मधून अलगद बाहेर काढतो, ते एक. दुसरं म्हणजे हे खोटं आहे. आमच्याकडे जुन्या माणसांच्या पानमळ्यात चप्पल घालून जाता येत नाही. बाहेर काढायची, मग आत. वेल नाजूक, मळा म्हणजे देवघर, अशी समजूत. तिथे पाटी नाही, रेंजर नाही, दंड नाही. लहान पोरालाही सांगावं लागत नाही. एका वेलीसाठी जी माणसं चप्पल काढतात त्यांना शिस्त शिकायला अलास्काला जावं लागतं हे मी मानणार नाही. शिस्त आहे. ती पाण्यापर्यंत आणि माळापर्यंत नेलेली नाही, एवढंच.

माळाचंही तेच. निमगावपासून जवळच कडबनवाडीचं गवताळ रान आहे. चिंकारा आहेत, लांडगे आहेत. आणि सुट्टीच्या दिवशी रस्ता सोडून गवतात गाडी घालून चिंकाऱ्याच्या मागे लागणारे लोकही आहेत. 'ओसाड माळ' म्हणायचं आणि चाकं फिरवायची. अलास्कात हीच माणसं अस्वल दिसलं तर श्वास रोखून उभी राहतील.

ही बेपर्वाई फक्त पक्ष्यांच्या मुळावर येते असंही नाही. तिकडे ड्रायसूट, शिट्टी, भरतीचं कोष्टक. इकडे "लाईफ जॅकेट राहू दे रे, फोटोत चांगलं दिसत नाही". का, तर उजनीचं पाणी म्हणजे आपल्या अंगणातलं. अंगणातलं पाणी काय करू शकतं ते २१ मे २०२४ ला संध्याकाळी दिसलं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते हौसेने फिरायला आलेले नव्हते, रोजच्यासारखे ह्या काठावरून त्या काठाला निघाले होते. रोजच्या लोकांना न जुमानणारं पाणी सुट्टीच्या पाहुण्यांना ओळख दाखवील असं वाटतं का?

असो. नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून ह्या डिसेंबरात येणाऱ्या सगळ्यांसाठी मीही एक शीट बनवली आहे. कॉलम कमी आहेत.

येण्याआधी धरणाची पातळी विचारा. धरण तुडुंब असेल तर उथळ जागा उशिरा उघड्या पडतात आणि रोहितही उशिरा येतात. तेव्हा घाई न करता फेब्रुवारी-मार्च धरा. पहाटे निघा. दुर्बीण आणा, एका दुर्बिणीत आख्खं कुटुंब बघू शकतं. लाईफ जॅकेट बोटीत पाय ठेवण्याआधी चढवा, पोरांचं आधी. बोटवाल्याला निघतानाच सांगा, "दादा, थवा लांब असतानाच इंजिन बंद करा. उडवायचे नाहीत. जवळ नाही गेलो तरी चालेल." कुरवांना फरसाण टाकू नका.

शंभर यार्ड मोजायची टेप कोणाकडे नसते, म्हणून पक्ष्यांकडेच बघा. माना खाली आहेत तोवर जेवण चालू आहे. माना एकदम वर झाल्या आणि सगळे एका बाजूला चालायला लागले, की समजा आपण फार जवळ आलो. तिथे थांबा, हळूच मागे व्हा. आणि परत आल्यावर ती शंभराची जास्तीची नोट बोटवाल्याला द्याच. पण 'एकही पक्षी उठला नाही म्हणून देतोय', हे त्याला ऐकू जाईल असं म्हणून द्या. चार कुटुंबांनी एका सीझनला एवढं केलं तर कुंभारगावच्या धक्क्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. गिऱ्हाईकाला काय हवंय हे तिथे सगळ्यात आधी कळतं.

बोट माझ्या ओळखीने ठरवून हवी असेल तर फोन करा, ठरवून देते. अट वर लिहिलेलीच.