लढाईचे गेम आवडणाऱ्या मुलाला कोणता गेम सुचवाल?



पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. "बाई, पोरगं मोबाईलवर नुसत्या लढाया करतं. मोबाईल काढून घेतला की जेवत नाही." यावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, मोबाईल देऊच नका. पालक मान डोलावतात, घरी जातात, आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत तोच मोबाईल पुन्हा मुलाच्या हातात जातो. सल्ला चुकीचा नाही, पण तो कुणाच्याच घरात टिकत नाही.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते आणि स्वतःलाही डावपेचांचे गेम आवडतात. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. आपण मुलाला गोष्टीचं पुस्तक वय बघून, वाचून, निवडून देतो ना? मग गेमही तसाच निवडून द्यायला हवा. लढाईची आवड असलेल्या मुलाला "लढाई वाईट" एवढंच सांगून गप्प बसलो, तर त्याच्यासाठी निवड जाहिराती करतात आणि वर्गमित्र करतात. ती निवड आपण का करू नये?

आधी फरक समजून घेऊ

लढाईचे सगळे गेम एका माळेचे मणी नाहीत. काही गेममध्ये बंदूक हातात असते आणि जो आधी गोळी झाडेल तो जिंकतो. तिथे बोटांचा वेग लागतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही सेनापती असता. धान्य किती, लाकूड किती, शत्रू कुठून येईल, पूल राखायचा की सोडायचा, हे ठरवावं लागतं. याला स्ट्रॅटेजी गेम म्हणतात. आपण डावपेचांचे गेम म्हणू.

ही कल्पना नवी अजिबात नाही. आपला चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं चार अंगांचं सैन्यच. त्यातूनच पुढे बुद्धिबळ जगभर गेलं. युरोपात प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि लाल-निळे ठोकळे घेऊन युद्धाचा खेळ तयार केला. एक पंच असायचा आणि अधिकारी त्यावर सराव करायचे. आजचे कॉम्प्युटरवरचे गेम याच घराण्यातले आहेत.

गेम निवडताना मी तीन प्रश्न विचारते. एक, गेम मुलाला थांबून विचार करू देतो का? दोन, जिंकणं डोक्यावर अवलंबून आहे की पैशावर? तीन, गेममध्ये माणूस मेला तर काही बिघडतं का? तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याकडे शेवटी येते.

माझी यादी

१) द बॅटल ऑफ पॉलिटोपिया. सुरुवात इथून करा. २०१६ साली आलेला हा छोटा गेम साध्या मोबाईलवर चालतो, इंटरनेट नसलं तरी चालतो. एक जमात, एक शहर आणि अंधारात झाकलेला नकाशा. प्रत्येक टर्नला मोजके तारे मिळतात. ते शेतीवर खर्चायचे, रस्त्यावर की सैनिकावर? एका प्रकारात बरोबर ३० टर्नमध्ये खेळ संपतो, त्यामुळे "आता बस" म्हणून ओरडावं लागत नाही. एकच मोबाईल हातोहात देऊन बहीणभाऊ आळीपाळीने खेळू शकतात. चार जमाती फुकट मिळतात, बाकीच्या विकत. तिसरी-चौथीच्या मुलांना त्या चार पुरेशा आहेत.

२) इन्टू द ब्रीच. हा २०१८ चा. आठ बाय आठ घरांचा पट, अगदी बुद्धिबळासारखा. गंमत म्हणजे शत्रू पुढची चाल आधीच दाखवतो. तुमच्याकडे तीन यंत्रं असतात. शत्रूला मारण्यापेक्षा त्याला ढकलून त्याचा वार भलतीकडे वळवणं जास्त कामाचं ठरतं. पटावर लोक राहतात त्या इमारती असतात आणि त्या वाचवणं हेच खरं काम. पाचवीपासूनच्या मुलांना हा जरूर द्या.

३) एज ऑफ एम्पायर्स २. तिशी-पस्तिशीतल्या पालकांना हे नाव नक्की आठवेल. १९९९ चा हा गेम २०१९ मध्ये नव्या रूपात आला, आणि २०२२ च्या जोडणीत बंगाली, द्रविड, गुर्जर अशी भारतीय राज्यंही आली. अन्न, लाकूड, सोनं आणि दगड या चार गोष्टींवर सगळा डोलारा. अंधारयुगातून पुढच्या युगात जायला ५०० अन्न लागतं. जो नुसतं सैन्य काढतो आणि शेती विसरतो, तो हमखास हरतो.

यातून गणित कसं निघतं ते बघा. एका भालाईताला ३५ अन्न आणि २५ लाकूड लागतं. तुमच्याकडे ३५० अन्न आणि २०० लाकूड आहे, तर किती भालाईत तयार होतील? अन्न पाहिलं तर १०, पण लाकूड फक्त ८ जणांनाच पुरतं. उत्तर ८. उरलेल्या ७० अन्नात ५० वाला एक गावकरी काढायचा आणि त्याला लाकूडतोडीला पाठवायचं. शाब्दिक उदाहरण पाहिलं की पेन खाली ठेवणारी मुलं हे उदाहरण तोंडी सोडवतात. फळ्यावर लिहून बघा. मात्र हा गेम थांबत नाही, घड्याळ पळत राहतं. म्हणून बारा वर्षांच्या पुढेच, आणि कॉम्प्युटरवर.

४) बॅटल फॉर वेसनॉथ. पूर्ण मोफत. २००३ पासून जगभरचे हौशी लोक मिळून हा बनवत आले आहेत. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. षटकोनी घरांचा नकाशा, आणि जमीन बघून बचाव बदलतो. काही सैनिक दिवसा २५ टक्के जास्त जोरात लढतात, काही रात्री. वार लागण्याची शक्यता टक्क्यांत समोर दिसते. ७० टक्के म्हणजे नक्की नव्हे, हे मुलाला इथे पटकन कळतं. आणि एक गोष्ट फार चांगली. जुना, अनुभवी सैनिक पुढच्या लढाईत तुमच्याबरोबर येतो. तो मेला तर मेला. मग मूल त्याला जपायला शिकतं.

५) झिरो एडी. हाही मोफत. प्राचीन काळातली साम्राज्यं यात आहेत आणि त्यात आपले मौर्य आहेत. चंद्रगुप्त, अशोक आणि चक्क चाणक्य! इतिहासाच्या तासाला "चाणक्य कोण?" असं विचारलं तर हा गेम खेळणाऱ्यांचे हात आधी वर येतील.

मराठे असलेला गेम

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना हमखास भुरळ घालणारा गेम म्हणजे एम्पायर: टोटल वॉर. २००९ च्या या गेममध्ये मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. मोठी मोहीम १७०० साली सुरू होते. मी हा गेम सुचवते, पण एका अटीवर. सोबत इतिहासाचं पुस्तक उघडं ठेवा.

१७०० साली महाराष्ट्रात काय चाललं होतं? मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं आणि ताराराणींनी कारभार हाती घेतला. औरंगजेब अजून दख्खनमध्येच होता. त्याआधी जिंजीच्या किल्ल्याला मुघलांचा वेढा १६९० ते १६९८ असा आठ वर्षं पडला होता, आणि संताजी-धनाजी बाहेरून मुघलांची रसद तोडत होते. गेममध्ये मात्र बहुतेक लढाया मोकळ्या मैदानात रांगा लावून होतात, युरोपच्या पद्धतीने. मुलाला विचारा, "मराठे असे लढायचे का रे?" एवढा एक प्रश्न पुरतो. मग तो स्वतःच शोधायला लागतो.

आपल्या चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकात पुरंदरचा तह आहे. १६६५ साली महाराजांनी २३ किल्ले दिले. मुलांना हे ऐकताना वाईट वाटतं, "महाराज हरले का?" असं विचारतात. डावपेचांचे गेम खेळणाऱ्या मुलाला उत्तर लवकर समजतं. सगळं वाचवायला गेलं की सगळंच जातं. काही सोडून सैन्य वाचवलं तर गेलेलं परत मिळवता येतं, आणि १६७० पासून महाराजांनी ते मिळवलंच. माघार हाही डावाचाच भाग असतो.

काय सुचवणार नाही

क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि त्याच्यासारखे गेम दिसायला डावपेचांचेच असतात. पण तिथे एक इमारत वाढवायला तासन्‌तास, पुढे तर कित्येक दिवस थांबावं लागतं, आणि थांबायचं नसेल तर हिरे विकत घ्या. माझ्या दुसऱ्या प्रश्नात हे गेम नापास होतात. असा गेम घरात असेलच तर मोबाईलवर खरेदीसाठी पासवर्ड लावा आणि ओटीपी मुलाला सांगू नका.

"पण बाई, शेवटी लढाईच ना?"

हा आक्षेप खरा आहे, मी तो झटकून टाकणार नाही. एज ऑफ एम्पायर्समध्ये गावकरी मेला तर ५० अन्न देऊन दुसरा मिळतो. खऱ्या जगात तो गावकरी कुणाचा तरी बाप असतो. गेम हे सांगत नाही, ते आपल्यालाच सांगावं लागतं.

यावर उत्तर शोधणारे गेमही आहेत. पोलंडच्या कंपनीने २०१४ मध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' आणला. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला जो वेढा पडला, त्यावरून तो सुचला. यात तुम्ही सेनापती नसता. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं असता. औषध नाही, सरपण नाही, दिवसा बाहेर पडलं तर गोळी. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न चोरायचं का, हा त्यातला डावपेच. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम मोठ्या विद्यार्थ्यांच्या शिफारस केलेल्या वाचनात घेतला. हा लहान मुलांना अजिबात देऊ नका, अठरा वर्षांनंतरचाच आहे. पण पालकांनो, तुम्ही स्वतः एकदा खेळा. मग मुलाशी लढाईबद्दल बोलताना तुमच्याकडे "बंद कर ते" यापेक्षा जास्त काही असेल.

घरी एवढं करा

वेळ मिनिटांत मोजण्याऐवजी टर्नमध्ये ठरवा. "दहा टर्न झाले की बंद" हे मुलाला न्याय्य वाटतं, कारण अर्धवट लढाईत कुणी त्याला उठवत नाही. गेम घेण्याआधी त्यावर लिहिलेलं वय बघा. आठवड्यातून एकदा शेजारी बसा आणि खेळ संपल्यावर तीन गोष्टी विचारा: कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय बदलशील, आणि तुझी किती माणसं गेली?

तिसऱ्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर येतं, "मोजली नाहीत." विचारत राहा. काही दिवसांनी मूल आकडा सांगायला लागतं, आणि हल्ला करण्याआधी जरा थांबायलाही लागतं. लढाईच्या खेळातून मुलाने एवढं घेतलं तरी पुष्कळ झालं.