'जमणार नाही' हा शेरा कोणाचा?

महालातल्या एका कार्यालयात नुकतेच कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण झाले. विषय होता 'ग्रोथ माइंडसेट'. बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, योग्य मेहनतीने ती वाढते, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचा सिद्धांत पडद्यावर दाखवला गेला. टाळ्या झाल्या, समोसे वाटले गेले, सगळे आपापल्या टेबलावर परतले. आमची एक ताईही आवक-जावकच्या टेबलावर परतली. अनुकंपा तत्त्वावर लागून तिला अकरा वर्षे झाली. आस्थापनेचे काम तिने तीनदा मागितले. दरवेळी उत्तर एकच, "तुम्हाला टिप्पणी लिहिणे जमणार नाही."

मग आम्ही विचारतो, मानसिकता नेमकी कोणाची बदलायची?

माणसाची कुवत जन्माने ठरते आणि ती कधी बदलत नाही, ही समजूत म्हणजेच जातिव्यवस्था. तथागतांनी ती अडीच हजार वर्षांपूर्वी नाकारली. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो हे सांगून ते थांबले नाहीत. न्हावी असलेल्या उपालीला त्यांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला.

चूळपंथकाची कथा तर प्रत्येक साहेबाने वाचावी अशी आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जायला सांगितले. बुद्धांनी त्याच्या हाती स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. इथे शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत बदलली. कर्मचारी मागे पडला की आपण त्याचा गोपनीय अहवाल खराब करतो, शिकवण्याची रीत कधी तपासतो का?

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या मेरिटवाल्यांनी त्यांना दारातच अडवले असते. आठ वर्षांनी, १९१५ मध्ये, ते कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. पण हेही विसरू नका की १९१७ मध्ये एवढी विद्या घेऊन बडोद्यात नोकरीला गेल्यावर त्यांना राहायला घर मिळाले नाही. मेहनत त्यांनी केली होती. दार मात्र व्यवस्थेने बंद केले.

म्हणून नुसता 'स्वतःला बदला' हा उपदेश आम्हाला अपुरा वाटतो. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदोन्नतीच्या कोट्यातील सर्व रिक्त पदे सेवाज्येष्ठतेने भरायला सांगितले, तेव्हा पदोन्नतीतले आरक्षण बाजूला पडले. हे कोणाच्या आळसामुळे घडले नाही. त्यासाठी कोर्टात आणि रस्त्यावरच लढावे लागते.

तरीही स्वतःवरचे काम सोडता येत नाही. सम्यक व्यायाम चार गोष्टी सांगतो: नवा दोष येऊ न देणे, असलेला घालवणे, नवा गुण आणणे, असलेला वाढवणे. आम्ही काही जण दर रविवारी महालात बसतो. प्रत्येकाने एक टिप्पणी लिहायची, बाकीच्यांनी न हसता दुरुस्त करायची. ताईची पहिली टिप्पणी चार ओळींची होती आणि तिच्यात दहा चुका होत्या. आता ती नियमाचा क्रमांक टाकून दोन पाने लिहिते. टेबल अजून मिळालेले नाही. चौथा अर्ज मात्र तिने लेखी दिला आहे आणि नकारही लेखी मागितला आहे.

आणि एक कडू गोष्ट. ताईला नाही म्हणणाऱ्यांत आपलेही एक साहेब होते. शिकून वर गेलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्यात बोलून दाखवली होती. महालापासून दीक्षाभूमी काही फार लांब नाही. दर १४ ऑक्टोबरला तिथे जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी परत येऊन निदान एका कनिष्ठाला टिप्पणी लिहायला शिकवावी.

जय भीम! नमो बुद्धाय!