पाळी गेली, आता रक्तदाब मोजा

पंचेचाळिशीच्या आसपास अंगातून वाफा येऊ लागतात, छाती धडधडते, झोप उडते. घरात उत्तर एकच, ‘वय झालं.’ हे उत्तर धोक्याचे आहे. वाफा जाणवतात तरी. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतही नाही.

रक्तवाहिन्या आवळायच्या की सैल सोडायच्या, हे मेंदूकडून येणाऱ्या सिंपथेटिक नसा ठरवतात. पोटावर चरबी साठली की तिच्यातून लेप्टिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात रक्तात येते आणि या नसांना चेतवते. मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, दाब चढतो. पुरुषांत हे तरुणपणीच दिसते. बाईला पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनचा आधार असतो; त्यामुळे नसांनी हुकूम सोडला तरी तिच्या रक्तवाहिन्या तितक्या आवळत नाहीत. पाळी गेली की आधार सुटतो. जेवण तेच, काम तेच, पण दाब वाढू लागतो. म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. गर्भनिरोधक गोळ्यांनी काहींचा दाब उलट वाढतो.

बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईचे इस्ट्रोजेन एकाएकी संपते. पिशवी काढली, दुखणे संपले, असे तिला सांगतात. पुढे तिचा रक्तदाब कोण मोजतो?

वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचनाला महिलाच जास्त जमतात. सोनगीरच्या मंडळाने तिथेच आशाताईंना बोलावून तिशीपुढच्या प्रत्येकीचा दाब आणि कंबर मोजून घ्यावी. कंबर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर सावध व्हावे. वर्गणीतून मोठे फलक लावण्यापेक्षा दाब मोजायचे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. आपल्याकडे बिबड्या, पापड, लोणचे, ठेचा यांतच ते संपते. शिवाय सगळ्यांचे उरलेले अन्न बाईनेच संपवायचे, ही रीत आहेच! कोसलचा राजा प्रसेनजित फार जेवायचा. भगवान बुद्धांनी त्याला मात्रेने जेवायला सांगितले, पण रोज ताटावर त्याची आठवण करून द्यायला सुदर्शन हा तरुण नेमावा लागला. राजालाही सोबत लागली. मग आईला एकटीलाच ‘वजन कमी कर’ सांगून कसे चालेल? अख्ख्या घराचे मीठ कमी करा.

दोन वेगवेगळ्या दिवशी दाब १४०/९० किंवा जास्त भरला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळी सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नका.