कणसरीच्या नाचाचा माग

भात कापणीला आलं की डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर तारपा घुमू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने घट्ट बसवलेल्या बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मधोमध उभा. एकमेकांच्या कमरेला विळखा घालून बायका-पुरुष त्याच्याभोवती फिरतात, पण तारप्याला पाठ कुणी दाखवत नाही. सूर बदलला की अख्खी रांग उलटी वळते. म्होरक्या घुंगरांची काठी जमिनीवर आपटून ताल धरतो.

वारल्यांचा हा नाच आला कुठून?

याचं उत्तर ताम्रपटात किंवा बखरीत शोधून उपयोग नाही; ते भगताच्या तोंडी आहे. घांगळी छेडत तो कणसरीची कथा लावतो. कणसरी ही धान्याची देवी. धरतरी म्हणजे भुई, गावतरी म्हणजे गाय आणि कणसरी, या तिघी वारल्यांच्या आया. नवं धान्य आधी देवाला आणि मग घरात, हा रिवाज त्यातूनच आला आणि तारप्याचा हंगामही त्याच धान्याशी बांधलेला. लग्नघरातही हाच धागा सापडतो. सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी ही पुरोहित बाई गाणी गाऊन लग्न लावते. चौकात पालघट, सुफलतेची देवी. ती बसल्याशिवाय लग्न लागत नाही. तिच्या भोवताली अनेकदा तारप्याचा फेरही रेखलेला असतो. शेत पिकणं आणि कूस उजवणं वारल्यांनी वेगळं मानलेलंच नाही, याला यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हा फेर कागदावर आणला आणि तो जगभर गेला. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला मिळालेला मान त्यामागच्या कथेच्या वाट्याला मात्र आला नाही. कविता महाजनांच्या ‘वारली लोकगीते’सारखी कामं मोजकीच. महोत्सवांच्या मंचावर हाच नाच कोणत्याही महिन्यात, काही मिनिटांत उरकला जातो. तिथे ना खळं, ना घांगळी. पाड्यावरची तरुण मुलं तारापूरच्या कारखान्यांत पाळी करतात. रात्र जागून कथा ऐकायला त्यांना सवड कुठली? म्हणून ती आत्ताच, हंगाम चालू असताना, सांगणाऱ्याच्या शेजारी बसून टिपून घ्यायला हवी.

यंदाच्या अंकाचा मोठा भाग अशा सांगितलेल्या इतिहासाला दिला आहे. पाड्यागणिक बदलणारी कथा एकसारखी करण्याचा मोह टाळला आहे. पाठभेद जसेच्या तसे ठेवले आहेत आणि सांगणाऱ्याच्या बोलीला हात लावलेला नाही.