आधी मैदान बघा, मग लेन्स घ्या



फोटोग्राफीत व्यवसाय करायला निघालेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, स्पोर्ट्स आणि वाइल्डलाइफसाठी कोणती टेलिफोटो झूम घेऊ?" प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा लेन्स आधीच ठरलेली असते. १५०-६०० मि.मी.ची ती लांबलचक नळी, गळ्यात अडकवली की लोक वळून बघतात अशी. आपल्याकडून फक्त 'हो, घे' एवढंच ऐकायचं असतं.

मी 'घे' म्हणत नाही. निदान लगेच तरी नाही. कारण या एका प्रश्नात दोन वेगळे धंदे एकत्र बांधलेत. खेळाचे फोटो आणि जंगलाचे फोटो, दोन्हीला लांबची लेन्स लागते, एवढंच त्यांच्यात साम्य आहे. पैसे देणारा माणूस वेगळा, उजेड वेगळा, अंतर वेगळं, सिझन वेगळा. माझं मत स्पष्ट आहे: भांडवल कमी असेल तर लेन्स खेळासाठी घ्या, आणि तीही तुमच्या गावातल्या मैदानाचं माप घेऊन. जंगलाची लेन्स आधी भाड्याने आणा. आता का ते सांगतो.

पैसे कोण देतं?

खेळात पैसे देणारा माणूस समोर दिसतो. कबड्डी स्पर्धा भरवणारं मंडळ असतं, शाळेचं क्रीडासंमेलन असतं, क्रिकेट अकादमीतल्या मुलांचे आईवडील असतात, मॅरेथॉनचे आयोजक असतात. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव भागात बैलगाडा मालक असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाटांवर पुन्हा गर्दी आहे. ज्या मालकाने बैलांवर लाखो रुपये लावलेत, त्याला आपल्या जोडीचा चारी पाय हवेत असलेला फोटो भिंतीवर आणि फ्लेक्सवर हवाच असतो. तो घासाघीस करेल, पण घेईल.

जंगलात पैसे देणारा कोण? वाघ तर देत नाही! फोटो विकून घर चालवणारे फार थोडे. जे कमावतात ते बहुतेक टूर नेतात, शिकवतात, रिसॉर्टसाठी काम करतात, कॅलेंडर आणि फ्रेम विकतात. त्यात लेन्सपेक्षा ओळखी, पक्ष्यांची माहिती आणि वर्षानुवर्षांची पायपीट जास्त कामाला येते. शिवाय खर्च आधी सुरू होतो. ताडोब्याची एक सफारी म्हणजे परमिट, जिप्सी, गाईड, राहणं-खाणं. पावसाळ्यात कोअर भाग बंद. वाघ दिसेलच याची हमी नाही, पण लेन्सचा हप्ता मात्र दर महिन्याला दिसतो.

आवड असू द्या. आवडीला माझा विरोध नाही. पण आवडीचा खर्च धंद्याच्या वहीत 'गुंतवणूक' म्हणून लिहू नका.

मैदानाचं माप काढा

लेन्स किती लांबची हवी, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. साधं गणित आहे, वहीत उतरवून घ्या. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला तर:

फ्रेममध्ये मावणारी उंची = अंतर × ३६ ÷ फोकल लेंथ

अंतर मीटरमध्ये टाका, उत्तर मीटरमध्ये येईल. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर ३६ च्या जागी २४ धरा.

आता कबड्डी घ्या. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. तुम्ही कडेला बसलात तर चढाईपटू फार तर १२ मीटरवर. २०० मि.मी. लेन्सने १२ गुणिले ३६ भागिले २००, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. उभा माणूस फ्रेम भरून येतो! इथे ६०० मि.मी.ची लेन्स घेऊन बसलात तर खेळाडूचा चेहरा येईल आणि पकड मात्र फ्रेमबाहेर जाईल. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, तिथेही ७०-२०० पुरते. कुस्तीचा आखाडा तर त्याहून जवळचा.

आता क्रिकेट. सीमारेषेवरून खेळपट्टी ६५ मीटरवर धरा. २०० मि.मी.ने पावणेबारा मीटर उंची मावते. त्यात फलंदाज फ्रेमच्या जेमतेम सातव्या भागाएवढा, मुंगीच म्हणा. ४०० ने पावणेसहा मीटर, ६०० ने चार मीटरच्या आसपास. म्हणजे मोठ्या मैदानावरच्या क्रिकेटला लांबची लेन्स खरोखर लागते. पण गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेचं मैदान एवढं मोठं असतं का? जा, पावलं टाकून मोजा. धंद्याचा सर्व्हे म्हणजे दुसरं काय असतं?

मग घड्याळ बघा

बहुतेकांचा पैसा इथे बुडतो. लेन्सवर एफ/२.८, एफ/५.६, एफ/६.३ असे आकडे लिहिलेले असतात. आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/२.८ मधून साधारण पाचपट उजेड येतो. पाचपट! हा फरक दुपारी बारा वाजता कळत नाही, रात्री आठ वाजता कळतो.

आणि आपल्याकडच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा कधी असतात? संध्याकाळनंतर, हॅलोजन आणि एलईडीच्या उजेडात. खेळाडूची हालचाल गोठवायची तर शटर स्पीड १/१००० च्या आसपास हवा. समजा तिथे एफ/२.८ वर आयएसओ ३२०० ने काम होतंय. त्याच जागी, त्याच वेगाला एफ/६.३ ची लेन्स लावली तर आयएसओ १६००० करावा लागेल. फोटोत रवा पेरल्यासारखे दाणे दिसतील. आयोजक तो फोटो बॅनरवर लावणार नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही.

आता कुणी म्हणेल, "पण सर, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना!" आहे. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. समोर धावणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही. त्याला वेगवान शटर लागतं आणि वेगवान शटरला उजेड लागतो. दुसरा उपाय सुचवतात तो टेलिकन्व्हर्टरचा. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की उजेड निम्मा होतो, दुप्पट पटीचा लावला की पाव उरतो. दिवसा चालेल, रात्री नाही.

म्हणून माझी विभागणी अशी:

रात्रीचे खेळ, इनडोअर खेळ, शाळेचे कार्यक्रम असतील तर ७०-२०० एफ/२.८. हीच लेन्स लग्नात, स्टेजच्या कार्यक्रमात, राजकीय सभेतही कमावते. वर्षाचे बारा महिने काम करणारा हा बैल आहे.

दिवसाचे मोठ्या मैदानावरचे खेळ, बैलगाडा शर्यत, सायकल स्पर्धा असेल तर १००-४००. बैल अंगावर धावत येतात तेव्हा मागे झूम करायला जागा लागते. १५० किंवा २०० पासून सुरू होणारी लेन्स तिथे अडचणीत आणते. धूळही प्रचंड असते, त्यामुळे शर्यतीच्या मैदानात लेन्स बदलायची नाही, हे पक्कं.

पक्षी, तेही रोजचे, असतील तर १५०-६०० किंवा २००-६००. भिगवणला उजनीच्या पाणथळीत हिवाळ्यात सकाळच्या उन्हात या लेन्सेस सोनं देतात. पण दहा-अकरानंतर पाण्यावरची गरम हवा थरथरायला लागते आणि लाखाची लेन्सही मऊ फोटो देते. त्याला कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. वजनही लक्षात घ्या. सोनीची २००-६०० साधारण २.१ किलो, निकॉनची जुनी २००-५०० साधारण २.३ किलो. दिवसभर हातात धरून बघा म्हणजे कळेल.

वाघासाठी? जिप्सी रस्ता सोडून जात नाही. वाघ कधी दीडशे फुटांवर, कधी चक्क बोनेटसमोर. त्यामुळे तिथे १००-४०० जास्त उपयोगी, असं माझं मत. ट्रायपॉड न्यायच्या भानगडीत पडू नका, तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी घ्या आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवा.

भाडं की खरेदी: वहीवर मांडा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या शहरातले भाव टाकून पुन्हा मांडा.

समजा लेन्स १,२०,००० रुपयांची. तीन वर्षांनी विकली तर ६०,००० आले. गेले ६०,०००. त्यात कर्जाचं व्याज, विमा, साफसफाई-दुरुस्तीचे ३०,००० धरा. एकूण ९०,००० भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला २,५०० रुपये. लेन्स कपाटात असली तरी २,५०० जातातच.

आता तीच लेन्स दिवसाला १,५०० रुपये भाड्याने मिळते असं समजा. महिन्यात एकच दिवस पैसे देणारं काम असेल तर भाडं स्वस्त. दोन दिवस असेल तर ३,००० भाडं जातं, मग खरेदी परवडते. मात्र 'पैसे देणारं काम' हे शब्द नीट वाचा. मित्राच्या मॅचला फुकट काढलेले फोटो यात धरायचे नाहीत.

म्हणून नियम सोपा: सलग तीन महिने, दर महिन्याला किमान दोन दिवस भाड्याची लेन्स कामावर गेली आणि तिचं भाडं गिऱ्हाईकाच्या पैशातून सुटलं, तर खरेदी करा. त्याआधी नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, हे खरं. पण कर्ज मिळतंय म्हणून घ्यायचं नसतं. हप्ता कुठल्या कामातून जाणार त्याचं नाव लिहिता आलं, तरच बँकेची पायरी चढा.

जुनी घेताना

डीएसएलआर सोडून लोक मिररलेसकडे गेले, त्यामुळे चांगल्या जुन्या लेन्सेस बाजारात आहेत. कॅनन आणि निकॉनच्या जुन्या लेन्स त्यांच्याच ॲडॉप्टरने नव्या बॉडीवर लागतात. तरी पैसे देण्याआधी स्वतःच्या बॉडीवर लावून फोकस तपासा, विशेषतः लेन्स दुसऱ्या कंपनीची असेल तर.

चार गोष्टी बघा. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, सौदा तिथेच थांबवा. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत हा रोग जास्त. भिंतीवर वर्तमानपत्र लावा, लेन्स पूर्ण लांब आणि पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा, चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता आली पाहिजेत. झूमची रिंग कुठे अडकते का ते फिरवून बघा. आणि बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. नवी घेताना बिलाशिवायची स्वस्त लेन्स घेऊ नका. वॉरंटी नसते, आणि जीएसटी नोंदणी असेल तर करावरचं क्रेडिटही हातचं जातं.

"पण मोठी लेन्स बघून गिऱ्हाईक इम्प्रेस होतं!"

होतं. पहिल्या वेळी होतं. दुसऱ्या वेळी ते फोटो बघतं. फायनलचा निर्णायक पॉइंट तुमच्याकडे स्पष्ट आहे का, आणि बक्षीस समारंभ संपायच्या आत दहा फोटो आयोजकाच्या व्हॉट्सॲपवर पोचले का, यावर तुमचं पुढचं काम ठरतं. हातात लहान लेन्स असलेला पण वेळेत फोटो देणारा फोटोग्राफर गावात टिकतो. मी तरी त्याच्यावरच पैज लावेन.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या दहा किलोमीटरच्या परिसरातली तीन मैदानं निवडा. ज्या वेळी तिथे स्पर्धा होते, त्याच वेळी जा. पावलांनी अंतर मोजा, उजेड बघा, आयोजकाला विचारा की मागच्या वर्षी फोटोंना किती पैसे दिले आणि काय आवडलं नाही. तीन मैदानांची तीन पानं वहीत झाली की कोणती लेन्स घ्यायची, हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

जंगल कुठे पळून जात नाही. खेळाच्या कामातून पहिला नफा आला की त्यातल्या पैशाने दोन दिवसांची लेन्स भाड्याने घ्या आणि भिगवण गाठा. हप्त्याचं ओझं नसलं की पक्षी जास्त चांगले दिसतात.