रुग्णाचे दुखणे चव्हाट्यावर, दंड मात्र सरकारी तिजोरीत!

नवी दिल्ली स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडले की पहाडगंजच्या गल्ल्या सुरू होतात. आरामबागेतील नूतन मराठी शाळेमुळे हा भाग दिल्लीतील मराठी माणसाला परका नाही. याच गल्ल्यांतील स्वस्त लॉजमध्ये उपचारासाठी दूरवरून आलेले गरीब रुग्ण व त्यांचे नातेवाईक मुक्काम करतात आणि पहाटे उठून ‘एम्स’च्या रांगेत उभे राहतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या रांगेपुढील संगणक बंद पडले. खंडणीखोरांच्या सायबर हल्ल्यात पाच सर्व्हर सापडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. त्यानंतर कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंत सारा व्यवहार कागदावर चालला. संगणकजाळ्याची योग्य विभागणी केलेली नव्हती, अशी कबुली सरकारने संसदेत दिली. पोलिसांनी खंडणी व सायबर दहशतवादाचा गुन्हा नोंदविला. निष्काळजी यंत्रणा सरकारची, तपास सरकारचा आणि उत्तरही सरकारचेच! ज्याच्या आजाराची ती माहिती होती, त्या रुग्णाला या साऱ्या व्यवहारात स्थान कोठे होते?

खासगी क्षेत्र अधिक दक्ष असते, ही वल्गना २०२४ मध्ये फोल ठरली. स्टार हेल्थ या आरोग्यविमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रे टेलिग्रामवरील बॉटमार्फत कोणालाही मिळू लागली. त्यात वैद्यकीय अहवाल होते, पत्ते होते, ओळखपत्रांच्या प्रती होत्या. ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती आपल्या हाती असल्याचा दावा हल्लेखोराने केला. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेऊन टेलिग्राम व हल्लेखोर यांच्याविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम मिळविला. कंपनीसाठी उच्च न्यायालयाचे दार असे तत्परतेने उघडते. विमेदाराने मात्र कोणते दार ठोठवायचे?

हा मध्यमवर्गाचा चोचला नव्हे

आपल्याच काही साथींना वाटते की, खासगी माहितीचा प्रश्न म्हणजे सुखवस्तू माणसांचा चोचला; ज्याला औषध मिळत नाही त्याला गोपनीयतेचे काय? ही समजूत चुकीची आहे आणि ती घातकही आहे. क्षयाचा अहवाल उघड झाला तर कारखानदाराची नोकरी जात नाही, कंत्राटी कामगाराची जाते. एचआयव्हीची नोंद बाहेर फुटली तर बंगलेवाल्याला घर सोडावे लागत नाही, भाड्याच्या खोलीतील बाईला सोडावे लागते. धनिकाजवळ वकील असतो. श्रमिकाजवळ त्याची अब्रू आणि हातपाय एवढेच भांडवल असते. ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा हक्क केवळ ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी सोडून देणे हे कामगारवर्गाच्या पक्षाचे काम नव्हे.

आज हाती असलेली हत्यारे

पहिले हत्यार म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ४३अ. आरोग्यविषयक नोंदींसारखी संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने निष्काळजीपणा केला व त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर कंपनी भरपाई देण्यास बांधील ठरते. ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतात. मात्र नुकसान सिद्ध करण्याचा भार पीडितावर आहे. म्हणून विम्याचे कागद, इस्पितळाच्या पावत्या, धमकीचे वा फसवणुकीचे संदेश आणि पोलीस तक्रारीची प्रत जपून ठेवली पाहिजे.

दुसरे हत्यार ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९. विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्यास उघड करणे, ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. समान हिताच्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्रित तक्रार करण्याची सोयही त्यात आहे. मुदत २ वर्षांची आहे, ती दवडता कामा नये. ज्या सरकारी इस्पितळात सर्वांवर विनामूल्य उपचार होतात तेथे मात्र हा मार्ग खुंटतो; १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातील निर्णयाने अशी सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली आहे. तेथे मूलभूत हक्काच्या आधारे उच्च न्यायालयात रिट अर्ज करणे, हा मार्ग उरतो.

नव्या कायद्याचा मुखवटा

आता मोदी सरकारच्या ‘डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३’ कडे वळू. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, असा डांगोरा पिटला जातो. तो दंड जातो कोठे? कलम ३४ प्रमाणे भारताच्या संचित निधीत! ज्याचे दुखणे चव्हाट्यावर आले त्याच्या हाती एक छदामही पडत नाही. इतकेच नव्हे, तर याच अधिनियमाचे कलम ४४ हे जुने कलम ४३अ रद्द करते. म्हणजे भरपाईचा असलेला हक्कही हिरावला जातो. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने या तरतुदीला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्यानुसार मे २०२७ मध्ये हे हत्यार आपल्या हातून जाईल. माहिती फुटल्याचे पीडिताला कळविण्याचे नवे बंधनही त्याच मुदतीनंतर लागू व्हायचे आहे. उलट माहिती अधिकार कायद्याला कात्री लावणारी दुरुस्ती मात्र तात्काळ अमलात आली! भांडवलदारांना तयारीसाठी दीड वर्ष आणि जनतेच्या अधिकारावर त्याच दिवशी घाला, हा योगायोग नाही. ते सत्ताधारी वर्गाचे धोरण आहे.

शिवाय मंडळाचे सदस्य केंद्र सरकारने नेमायचे, सरकारी संस्थांना सूट देण्याचा अधिकारही केंद्र सरकारचाच आणि मंडळाच्या कक्षेतील बाबींत दिवाणी न्यायालयाला मज्जाव! पीडिताने खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याचे ठरले तर त्यालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिका ही भांडवलशाहीची पंढरी. तेथेसुद्धा २०१५ च्या माहितीचोरीनंतर अँथम या विमा कंपनीला पीडितांच्या सामूहिक दाव्यांत ११ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. आपल्या राज्यकर्त्यांनी मक्तेदारांना तेवढीही तोशीस लागू द्यायची नाही, असे ठरविलेले दिसते.

आपले काम

एकट्यादुकट्याने कोर्टाची पायरी चढणे कष्टकऱ्याला परवडत नाही. म्हणून युनियन, महिला संघटना व वस्ती समित्यांनी पीडितांच्या याद्या कराव्यात, कागदपत्रे गोळा करावीत आणि पुरोगामी वकिलांच्या साह्याने मुदतीच्या आत सामूहिक दावे दाखल करावेत. या याद्या स्वतः गुप्त ठेवण्याची शिस्तही पाळली पाहिजे. ज्या विश्वासघाताविरुद्ध आपण लढतो तो आपल्या कार्यालयातून होता कामा नये. त्याचबरोबर पुढील मागण्या घेऊन जनतेत गेले पाहिजे :

१. कलम ४३अ मधील भरपाईचा हक्क कायम ठेवा.
२. दंडाच्या रकमेतून पीडितांना भरपाई द्या.
३. सरकारी इस्पितळांनाही तीच जबाबदारी लागू करा.
४. माहिती अधिकार कायद्यावरील घाला मागे घ्या.

न्यायालयातील लढा एकटा पुरा पडणार नाही, हे आपण जाणतो. पण कायद्याने दिलेले हत्यार शत्रूने काढून घेण्यापूर्वी ते चालविलेच नाही, असा ठपका इतिहासाने आपल्यावर ठेवू नये. पहाडगंजच्या लॉजमधून उद्या पहाटे पुन्हा कोणी आई आजारी लेकराला घेऊन रांगेत उभी राहील. तिने खिडकीवर दिलेली माहिती ही तिची आहे. ती ना कंपनीची मालमत्ता आहे, ना सरकारची.